वर्गात मुलाला जीवघेणी अ‍ॅलर्जी आली तर? शिक्षकांना कोण शिकवणार?

मलप्रभेकाठची_बाई

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी २२ वर्षं शिकवतेय. हा धागा काढायचं दोन वर्षं मनात होतं, पण जे झालं ते आठवलं की अजून हात गार पडतात. आज लिहितेच.

दुपारचं जेवण झालं होतं. त्या दिवशी अंड्याचा वार. अंडं न खाणाऱ्या मुलांना तेव्हा केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की मिळायची. पाचवीतला एक मुलगा, घर माळकऱ्यांचं, त्यानं चिक्की घेतली. पाच-सात मिनिटांत तो तळहात एकमेकांवर घासत माझ्या टेबलाशी आला. "बाई, हात लई खाजूलालेत." म्हटलं, धुऊन ये. धुऊन आला तोवर मानेवर गांधी उठल्या होत्या आणि वरचा ओठ एका बाजूनं फुगला होता.

मला वाटलं, पित्त उठलंय. आपल्याकडं पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळतात, मीही स्वयंपाकाच्या मावशींकडून आमसूल मागवलं. तेवढ्यात तो दोनदा ओकला. एक सर म्हणाले, चिक्की बाधली, लिंबूपाणी द्या. दुसऱ्यांनी एका पोराला गोळी आणायला दुकानात पिटाळलं. मग तो काहीतरी बोलला आणि मला त्याचा आवाजच ओळखू येईना. घोगरा, आतल्या आत दबलेला. "बाई, घशात कायतरी अडकलंय."

दंडाला धरून मी त्याला फाटकापर्यंत चालवत नेलं. सरांच्या मोटरसायकलवर त्याला मध्ये बसवलं, मागं मी. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, सात किलोमीटर. निम्म्या वाटेत त्याची मान माझ्या हातावर कलली.

तिथल्या सिस्टरनी एकदा त्याच्याकडं बघितलं, आडवं निजवलं, पायाखाली उशी सारली आणि मांडीत इंजेक्शन दिलं. अ‍ॅड्रेनॅलिन. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी होते. थोड्याच मिनिटांत त्यानं डोळे उघडून पाणी मागितलं, आणि आवाज त्याचा होता. पुढं १०८ नं बेळगावला नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. आज तो सातवीत आहे, कबड्डीत सगळ्यांच्या पुढं.

सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "बाई, त्याला चालवत का आणलासा?"

त्याच्या आईनं चौथीच्या बाईंना सांगितलं होतं की शेंगा खाल्ल्या की याचे ओठ सुजतात. त्या बाईंची बदली झाली. सांगितलेलं कुठं लिहिलं नव्हतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

आम्हाला नलीकलीचं (हसतखेळत शिकवण्याचं) प्रशिक्षण झालं, निवडणुकीचं झालं, बिसीऊटाच्या (दुपारच्या जेवणाच्या) हिशेबाचं झालं. या गोष्टीचं तासभरही नाही. डॉक्टर, सिस्टर, पालक, कुणाला माहिती असेल त्यांनी लिहा. शिक्षकाला नेमकं काय यायला हवं?

अथणीचा_अण्णा

बाई, मुलगा वाचला, देवाची कृपा. पण मनातलं बोलतो, राग मानू नका. मीही शिक्षक, एकशिक्षकी शाळा सांभाळलेला. जनगणना आम्ही, मतदार यादी आम्ही, दूध आम्ही उकळून द्यायचं, अंडी आम्ही मोजायची. आता सुई पण आम्हीच टोचायची? उद्या काही वाईट झालं तर सगळं शिक्षकाच्याच माथी. आमच्या लहानपणी शेंगा खाऊन कुणी मेल्याचं ऐकलं नाही. शेतात बसून पाटीभर खायचो.

बालरोग_बेळगाव

बाईंनी जे सांगितलंय ते शब्दाशब्दानं अ‍ॅनाफिलॅक्सिसचं, म्हणजे जीवघेण्या अ‍ॅलर्जीच्या झटक्याचं, चित्र आहे. बऱ्याचदा पालकांकडून एवढं नीट आमच्यापर्यंत येत नाही.

अण्णा, तुमच्या लहानपणीही मुलं जात होती. "काहीतरी चावलं", "अन्न विषारी लागलं", "दम्यानं गेला" अशी कारणं मागं राहायची. हा प्रकार नवा नाही. पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली त्याला नाव दिलं, आणि रिशे यांना १९१३ चं नोबेल या कामाबद्दलच मिळालं.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. शरीरात मास्ट पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामिनसारखी रसायनं भरलेली. अ‍ॅलर्जीची वस्तू आत गेली की त्या एकदम फुटल्यासारख्या सगळं ओततात. रक्तवाहिन्या सैल पडून पाझरायला लागतात, म्हणून सूज येते आणि रक्तदाब कोसळतो. श्वासनळ्या आवळतात, म्हणून शिट्टीसारखा आवाज. आतड्याला पीळ पडतो, म्हणून उलटी. अ‍ॅड्रेनॅलिन हे सगळं एकाच वेळी उलटं फिरवतं: रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या उघडतं आणि पेशींचं ओतणंही रोखतं. सेटिरिझिन किंवा अ‍ॅविल फक्त हिस्टामिनला अडवतं. खाज कमी होईल, पण बंद होत आलेला घसा गोळीनं उघडत नाही. गोळी दिली की सगळ्यांना वाटतं उपचार झाला, आणि त्या वाट बघण्यात वेळ जातो. मला सगळ्यात भीती याची वाटते.

आता पित्ताबद्दल, कारण आपल्या भागातली खरी अडचण हीच आहे. पित्त उठणं आणि हे, दोन्हीची सुरुवात सारखी दिसते. नुसत्या गांधी, मूल खेळतंय, बोलतंय, तर ते पित्त. मुलाला एकटं सोडू नका, लक्ष ठेवा, घरी कळवा. पण गांधी किंवा सूज, आणि त्याच्या जोडीला यातलं एकही: आवाज बदलला, कोरडा खोकला सुटेना, श्वासाला घरघर, पुन्हा पुन्हा उलटी, पोटात कळ, मूल एकाएकी मलूल झालं, भोवळ आली. मग ते पित्त नव्हे. आमसूल ठेवा बाजूला आणि १०८ ला फोन करा.

आणि एक फसवा प्रकार. काही मुलांच्या अंगावर काहीच उठत नाही. जिची अ‍ॅलर्जी आहे हे माहीत आहे ती वस्तू खाल्ली आणि थेट श्वास लागला किंवा कोसळलं, तर गांधींची वाट बघत बसू नका.

चिकोडीचा_शिक्षक

डॉक्टर, वेळ किती मिळतो हो? आम्ही सहलीला नेतो तेव्हा जवळ दवाखाना नसतो. गेल्या खेपेला एका किल्ल्यावर आग्यामोहोळ उठलं. सुदैवानं तीन-चार मुलांना एकेक डंख, बाकी काही नाही. पण त्या दिवशी काही झालं असतं तर मला कपाळ बडवण्यापलीकडं काही सुचलं नसतं.

बालरोग_बेळगाव

खाण्यातून असेल तर साधारण अर्ध्या तासात गंभीर वळण लागू शकतं, डंखानं त्याच्याही निम्म्यात, शिरेतून दिलेल्या औषधानं पाचेक मिनिटांत. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण हिशेब हाच धरायचा. म्हणजे १०८ पोहोचण्याआधीचा वेळ शाळेचाच.

मधमाशीचा काटा आत राहतो आणि त्याची पिशवी विष सोडत राहते. तो नखानं, पट्टीनं, कसाही काढा, पण लगेच काढा. पद्धत शोधण्यात वेळ घालवू नका. गांधीलमाशी काटा ठेवत नाही आणि पुन्हा पुन्हा मारते. डंखाच्या जागी सूज आली म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, ती सगळ्यांनाच येते. डंख हाताला आणि ओठ सुजले, तर मात्र धावा.

आणि बाईंना सिस्टर जे म्हणाल्या ते. रक्तदाब पडलेला असताना मूल उभं केलं, चालवलं, की रक्त पायात उतरतं आणि हृदयाकडं परत येत नाही. उभं केल्यावर क्षणात दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून आडवं निजवायचं, पाय वर. श्वास लागत असेल तर पाठीला टेकू देऊन, पाय लांब करून बसवायचं. ओकत असेल तर कुशीवर. न्यायचं तर उचलून, शक्यतो आडवं. बाई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

ओवीची_आई

अण्णा, मी बेळगावात राहते. माझी मुलगी तिसरीत आहे. तिला काजूची अ‍ॅलर्जी. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की चॉकलेट मिळतं. ती ते खात नाही, कंपासपेटीत ठेवते, घरी आणून माझ्या हातात देते आणि मी चष्मा लावून वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत उभी असते. काजू असला की ते चॉकलेट माझ्या मुठीत राहतं, आणि ती काही न बोलता पाटी-पुस्तक काढते.

आठ वर्षांचं पोर एवढं सांभाळतंय. शाळेकडून मला इंजेक्शनच हवं असं नाही. एवढंच हवंय की तिनं "घसा आवळतोय" म्हटलं तर कुणी "नाटकं करू नको" म्हणू नये. एका शाळेत असं म्हटलं गेलं होतं. मी शाळा बदलली.

अथणीचा_अण्णा

ताई, वाचलं. माझ्या नातीच्या वयाची आहे तुमची मुलगी.

सिस्टर_उपकेंद्र

मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका. लांबलचक लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाळांच्या लसीकरणाला आम्ही बसतो तेव्हा आमच्याजवळ अ‍ॅनाफिलॅक्सिसचं किट असतं. त्यात अ‍ॅड्रेनॅलिनचे अ‍ॅम्प्यूल (औषधाच्या बंद काचेच्या कुप्या), सिरिंज आणि वयाप्रमाणे डोसचा तक्ता. डॉक्टर जागेवर नसले तरी संशय आला की मांडीत एक डोस द्यायचा आणि लगेच मोठ्या दवाखान्याकडं पाठवायचं, असं शिकवून आम्हाला मुभा दिलेली आहे. कोविडच्या लसीनंतर सगळ्यांना अर्धा तास बसवून ठेवायचो, ते याचसाठी.

म्हणून मी म्हणते, शिक्षकांनी सुईला भिऊ नका. ते काम आमच्यावर सोडा. तुम्ही तीन कामं करा. शाळेच्या भिंतीवर १०८ च्या खाली आमच्या उपकेंद्राचा, पीएचसीचा आणि आशाताईचा नंबर लिहा. गाडी निघायच्या आधी फोन करा, म्हणजे आम्ही औषध भरून दारात थांबतो. बरेचदा पोर दारात येतं तेव्हा आम्ही दुसऱ्या वाडीवर गेलेलो असतो. आधी कळलं तर आम्हीच तुमच्याकडं निघू. तिसरं, किती वाजता काय खाल्लं, कधी सुरू झालं, हे मुलाच्या हातावर पेनानं लिहून पाठवा. दारात चार माणसं चार वेळा सांगतात, त्यात आमचा वेळ जातो.

फोन लागला नाही तर? कणकुंबी, जांबोटीकडं पावसात रेंज जाते. तिथं एकाला रेंजच्या जागेकडं पळवायचं आणि गाडी थांबवायची नाही, असं आधीच ठरवून ठेवा. कोण पळणार तेही ठरवा.

निपाणीकर_इंग्लिश_मीडियम

आमच्या शाळेत दोन पालकांनी पेनसारखं इंजेक्शन आणून द्यायची तयारी दाखवली, पण बेळगाव-कोल्हापूर दोन्हीकडं दुकानात मिळालं नाही. ते पेन नक्की काय असतं? आणि अ‍ॅम्प्यूल स्वस्त आहे तर शाळेनं तेच का ठेवू नये?

नदीपल्याडची_निपाणीकर

मी मूळची निपाणीची, सध्या इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. इथं हे पेन रोजच्या ओळखीचं आहे म्हणून सांगते. आत स्प्रिंगवर बसवलेली सुई आणि अ‍ॅड्रेनॅलिनचा मोजलेला एकच डोस. ढोबळमानानं १५ ते ३० किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅमचं, त्याहून मोठ्यांना ०.३ चं. आमच्याकडच्या पेनला एका टोकाला निळी टोपी, दुसरं टोक केशरी. निळी टोपी काढायची, केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूवर मधोमध दाबायचं, "टक" असा आवाज येतो, तिथंच धरून तीन अंक मोजायचे. पँटवरूनही चालतं. दर वर्षी सराव होतो, त्यात सुई नसलेलं खोटं पेन वापरतात. पहिल्या वर्षी माझा हात थरथरला होता. तिसऱ्या वर्षी मी नव्या बाईंना शिकवलं.

ऑक्टोबर २०१७ पासून इथल्या शाळांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जादा पेन विकत घेऊन ठेवता येतं. पण पेन असूनही मूल जातं, तेही सांगते. कॅनडातल्या ओंटारिओत २००३ साली सबरिना शॅनन नावाची १३ वर्षांची मुलगी गेली. तिला दुधाची अ‍ॅलर्जी. शाळेच्या कँटीनमध्ये तिनं बटाट्याचे तळलेले काप खाल्ले, त्यांना दुधाच्या पदार्थाचा अंश लागला असावा. श्वास लागला तेव्हा आधी दमाच वाटला, आणि पेन होतं तिच्या लॉकरमध्ये. ते आणेपर्यंत उशीर झाला. तिच्या नावानं तिथं कायदा झाला, १ जानेवारी २००६ पासून लागू. प्रत्येक शाळेनं अ‍ॅलर्जीची योजना करायची आणि शिक्षकांना नियमित शिकवायचं.

म्हणून आमच्या हेडमास्तरीणबाई पहिल्याच दिवशी बजावतात: औषधाला कुलूप नाही. आपल्याकडं शाळेतली प्रत्येक गोष्ट कपाटात आणि किल्ली एकाच्याच कनवटीला असते, ते आठवून लिहिलं.

बालरोग_बेळगाव

वरचं वर्णन अगदी बरोबर. आपल्याकडं ही पेनं बाहेरून मागवावी लागतात, एकेक हजारांत जातं आणि वर्ष-दीड वर्षात मुदत संपते. सगळ्या सरकारी शाळांना ती मिळतील असं मी आज सांगू शकत नाही.

अ‍ॅम्प्यूलबद्दल. १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम असतं. मुलाला वजनाच्या किलोमागं ०.०१ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिली, आणि मुलांना एका वेळी ०.३ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. कागदावर सोपं. पण काच फोडायची, बारीक सिरिंजमध्ये ०.२ ओढायचं, समोर पोर निळं पडतंय आणि भोवती चाळीस मुलं रडतायत. यात ०.२ च्या जागी अख्खा १ मिली ओढला जाणं अवघड नाही. शिवाय ते मांडीच्या स्नायूतच गेलं पाहिजे, शिरेत नव्हे. म्हणून कोणत्याही शाळेनं आपल्या मनानं अ‍ॅम्प्यूल आणून ठेवू नये असंच मी सांगतो.

ज्या मुलाला आधी असं झालंय त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डॉक्टरांनी पालकांना आणि त्या वर्गाच्या शिक्षकांना समोर बसवून शिकवावं, डोस लिहून द्यावा, औषध त्या मुलाच्या नावाच्या डब्यात असावं. उजेड आणि उन्हानं अ‍ॅड्रेनॅलिन खराब होतं. आपल्याकडचा एप्रिल बघता पत्र्याच्या खोलीतली खिडकी त्याला चालणार नाही. पाणी तपकिरी किंवा गुलाबी दिसलं तर टाकून द्या.

एक राहिलं. इंजेक्शननं मूल टवटवीत झालं की पालक "आता बरंय" म्हणून घरी न्यायला बघतात. काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उलटू शकतो, दुसऱ्यांदा काही न खाता. म्हणून दवाखान्यात चार-सहा तास तरी, गंभीर असेल तर त्याहून जास्त, थांबायचंच. आणि पहिल्या डोसनं उतार पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरा लागतो, म्हणून १०८ हवीच.

हुक्केरीचा_वकील

अण्णांच्या भीतीला उत्तर देतो, कारण ती खरी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० बघा, जुन्या दंड संहितेत हे ९२ होतं. संमती घ्यायला वेळच नसेल, पालक जवळ नसतील आणि तुम्ही सद्भावनेनं त्या व्यक्तीच्या भल्यासाठी काही केलंत, तर त्यातून झालेल्या अपायासाठी तो गुन्हा ठरत नाही. सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन केलेलं काम, हेही कायद्यातच आहे. म्हणून प्रशिक्षण शिक्षकाच्या बाजूनं उभं राहतं. शिकलेल्या माणसानं शिकवल्याप्रमाणं केलं, हे दाखवायला सोपं.

माझा सल्ला एवढाच. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून एक पान लिहून घ्या: मुलाला कशाची अ‍ॅलर्जी, मागं काय झालं, डॉक्टर कोण, काय करायला आमची संमती. खाली सही. एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास समितीच्या) बैठकीत ठराव करून ते पान हजेरीपटाला टाचून ठेवा. शिक्षक बदलला तरी हजेरीपट वर्गातच राहतो.

मलप्रभेकाठची_बाई

वकीलसाहेब, हजेरीपटाचं तुम्ही बोललात आणि मला तो मुलगाच डोळ्यासमोर आला.

एक गोष्ट मला आता फार जाणवते. आपल्या शाळांत दूध आहे, २०१३ पासून क्षीरभाग्य. अंडं आहे. कढणात, चटणीत शेंगदाणा आहे. मुलांच्या पोटात हे जातंय याचा मला आनंद आहे, माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं दिवसातलं धड जेवण तेच असतं. ते बंद करा असं कुणी म्हणू नये. पण जगात मुलांना ज्यांची सगळ्यात जास्त अ‍ॅलर्जी येते त्यातले तीन पदार्थ आपण रोज शाळेच्या पंगतीत वाढतो. मग वाढणाऱ्याला हे माहीत नको का?

प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून शिकवायची केंद्राची योजना २०२० पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं. माणसं आहेत, बसायच्या जागा आहेत. त्यातला एक तास याला मिळाला तरी पुरे. आणि आमच्या भागात तो तास मराठीत हवा. मला कन्नड वाचता येतं, पण स्वयंपाकाच्या मावशींना येत नाही, आणि पहिलं लक्षण बहुतेक वेळा त्यांच्यासमोरच उठणार.

ओवीची_आई

दूध पचत नाही आणि दुधाची अ‍ॅलर्जी, हे वेगळं आहे हेही सांगा हो त्यांना. पहिल्यात पोट बिघडतं, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. माझ्या जावेच्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, तिला सगळे म्हणतात, "थोडं थोडं दे, सवय होईल."

बालरोग_बेळगाव

ताई, फार मोलाचं बोललात. सवय लावायचा उपचार आहे, पण तो दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थेंबाथेंबानं. आपल्या मनानं घरी किंवा शाळेत कधीही नाही. दमा असलेल्या मुलांकडं जास्त लक्ष द्या, त्यांच्यात हे प्रकरण लवकर हाताबाहेर जातं. काहींना नुसतं खाऊन काही होत नाही, खाऊन लगेच पळाल्यावर होतं. जेवणानंतरच्या तासाला पीटी असेल तर हे ध्यानात ठेवा.

बाई, तुमच्या क्लस्टरला (शाळांच्या गटाला) शनिवारी यायला मी तयार आहे.

सिस्टर_उपकेंद्र

मी पण येते. किट घेऊन येते, दाखवायला.

मलप्रभेकाठची_बाई

झालं. कालच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. अकरा शाळांतून एकोणतीस जण आले, त्यात आठ स्वयंपाकाच्या मावशी. कसं झालं ते लिहिते, कुणाला घ्यायचं असेल तर उपयोग होईल.

डॉक्टरांनी भाषण केलं नाही. सातवीतल्या एका मुलीला फळ्यासमोर उभं केलं, तिला चिठ्ठीवर लक्षणं लिहून दिली आणि ती एकेक करून दाखवत गेली. आधी हात खाजवले. मग खोकली. मग बाकावर बसली आणि "मॅडम, मला कसंतरी होतंय" म्हणाली. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर विचारायचे, आता काय करणार? पहिल्या फेरीत निम्म्या लोकांनी पाणी पाजलं. एका सरांनी तिला उठवून पंख्याखाली न्यायला हात धरला आणि सगळ्या खोलीनं एकदम "चालवू नका!" म्हणून आरोळी दिली. तिसऱ्या फेरीत कुणाला विचारावं लागलं नाही. एकानं निजवलं, एकानं पाय बाकावर ठेवले, एकजण घड्याळ बघून तिच्या हातावर वेळ लिहीत होता, एकानं बाकीची मुलं बाहेर काढली.

खोटं पेन नव्हतं. सिस्टरनी स्केचपेनं मागवली. टोपी लावलेलं स्केचपेन मुठीत धरायचं, अंगठा टोकावर ठेवायचा नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध दाबून एक-दोन-तीन. एकोणतीस माणसं आपापल्या मांडीवर स्केचपेन दाबून मोजतायत, असं दृश्य होतं. ज्यांच्या वर्गात तसं मूल आहे त्या दोघांना डॉक्टरांनी मागं थांबवून वेगळं शिकवलं.

१०८ चा फोनही सरावात घेतला. तिकडून कन्नडमध्ये विचारतात आणि घाबरल्यावर आपल्याला मराठीही धड सुचत नाही. म्हणून एक वाक्य सगळ्यांनी मोठ्यानं घोकलं: "मगूगे उसिराटक्के तोंदरे आग्तिदे." मुलाला श्वासाचा त्रास होतोय. त्यानंतर गावाचं नाव आणि ओळखायची खूण. आमच्या शाळेची खूण काय, यावरच पाच मिनिटं वाद झाला. शेवटी "बसवेश्वर देवळासमोरचा रस्ता" ठरलं आणि ते फोनशेजारी लिहिलं.

सगळ्यात चांगला प्रश्न एका मावशींनी विचारला. "बाई, शेंगदाण्याची चटणी वाढलेला पळा मी तसाच भाताला घातला तर?" डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, तेवढ्यानंही होऊ शकतं. मावशींनी घरी जायच्या आधी एका पळ्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. तो आता चटणीचा.

आणि तो सातवीतला मुलगा. पालकांचं पान भरून आलं आहे. त्यानं स्वतःच्या हातानं वर लिहिलंय, "शेंगा, चिक्की, शेंगदाणा तेल विचारून."

अथणीचा_अण्णा

बाई, ते पालकांचं पान आणि डॉक्टरांनी लक्षणांबद्दल जे सांगितलं ते, दोन्ही मला पाठवाल का? आमच्या क्लस्टरच्या सीआरपींशी (गटाच्या साधनव्यक्तींशी) बोललोय. आमच्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही शाळा आहेत, पुढच्या महिन्यात एकत्र घेऊ म्हणतायत. इथले डॉक्टर कोण येतील ते बघतो. स्केचपेनं मी आणतो.

मलप्रभेकाठची_बाई

पाठवते, अण्णा. कन्नड पानही जोडते, आमच्या इथल्या एका कन्नड शाळेच्या सरांनी करून दिलंय. मावशींना बोलवायला विसरू नका, आणि त्यांना पुढं बसवा.